आवाज दुसरीचा

खासबागेत आमच्या भिंतीपलीकडे चार माग होते.
आई हाक मारायची ती मागांच्या वरून,
म्हणून मीही बोलायला शिकले वरच्या पट्टीत.
पुढं नाटकात सगळे म्हणाले, काय आवाज आहे पोरीचा,
शेवटच्या रांगेत शेंगा खाणाऱ्यालाही ऐकू जातो.
ती साधना नव्हती.
शेजार होता.

नीलव्वा त्याच भिंतीपलीकडची. चौथ्या मागावर तिचे वडील.
तालमीला आम्ही एकाच सायकलवरून जायचो,
माझ्या मामाची, घंटी नसलेली;
नीलव्वा कॅरिअरवरून ओरडायची, सरका, सरका रीऽ
मराठी संवाद ती कानडी अक्षरांत उतरून घ्यायची
हिशेबाच्या वहीत, सुताच्या भावांखाली,
आणि कधी चुकायची नाही.
चुकायचे मी.

त्या वर्षी पुण्याचे सिनेमावाले कॅम्पातल्या लॉजवर उतरले.
आमच्या गल्लीला फोन एकच, पाटणेकरांच्या किराणा दुकानात.
पाटणेकर म्हणाले, दोघींना बोलावलंय.
गुरुवारी, सकाळी. दोघींना बरं का.
मी घरी आले. माग चालू होते.
नीलव्वा दारात बॉबिन भरत बसलेली.
मी निरोप सांगितला,
देवाशपथ सांगितला,
फक्त इतक्या हळू
की तो मागांच्या वर गेला नाही.

सिनेमा झाला. तीन प्रसंग, एक विहीर, एक रडणं.
डबिंगच्या खोलीतला माणूस म्हणाला,
बाई, चेहरा छान आहे, भाषा जरा तिकडची वाटते.
तिकडची म्हणजे माझ्या घरची.
माझ्या ओठांत मग कुणा सदाशिवपेठी मुलीनं शब्द भरले.
धारवाडला गेले, तिथले हसून म्हणाले,
अक्का, निम्म कन्नड स्वल्प मराठी ऐत्रि.
परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, कुठं उतरणार?
मला चटकन सांगता येईना.

मैत्रेयी पाच वर्षांची, टॉकीजमध्ये माझ्या मांडीवर.
भर अंधारात म्हणाली,
आई, ती बाई तुझ्या तोंडातून का बोलालीय?
पुढच्या दोघी वळून हसल्या.
मध्यंतरात मी तिला गोळी सोडा पाजला, दोन बाटल्या,
उलटी होईपर्यंत.

निपाणी, चिकोडी, रायबाग. जत्रा आणि प्रयोग.
पोर नीलव्वाकडं.
रायबागेत माझ्या एंट्रीला टाळ्या पडत होत्या तेव्हा
तिला एकशे तीन ताप.
सकाळी पोचले, मीठपाण्याच्या घड्या नीलव्वाच घालत होती.
पोर ग्लानीत म्हणत होती, अव्वा, अव्वा.
आमच्यात आईला आई म्हणतात.

आता मैत्रेयी बेंगळुरात, फोन रविवारी.
मी अलीकडं एका मालिकेत सासू होते.
बाराव्या भागात म्हणाले, कथा वळली, तुम्ही गेलात.
भिंतीवर माझा हार घातलेला फोटो सहा महिने आहे,
सून रोज त्याच्यासमोर रडते.
फोटोचे पैसे देत नाहीत.
नीलव्वा न चुकता बघते आणि मला सांगते,
आज तुझा हार बदलला गे.

तिला आता कमी ऐकू येतं. मागांनी कान खाल्ले.
आणि मागही गेले, भंगारात, किलोवर.
गल्ली इतकी शांत, की शेंग फुटली तरी कळते.
परवा तिच्या ओसरीवर बसून मी म्हटलं,
नीले, एक सांगायचंय. सिनेमावाले आलते तेव्हा...
ती म्हणाली, मोठ्यानं बोल की गे.
मग मी बोलले,
शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.
समोरच्या घरातला पोरगा मोबाईल सोडून बघायला लागला.

नीलव्वानं शेंगा सोलायचं थांबवलं नाही.
गुरुवारचंच न्हवं?
पाटणेकर मलाबी सांगून गेलता, बुधवारीच.
नवं परकर-पोलकं काढून ठेवलतं मी.
टरफलं पदरातून झटकली,
म्हणाली,
सायकल तू नेलतीस.