पंटर

हिवराज ठवकरनं सांगितलं, मी पंटर झालो,
तेव्हा पानठेल्यावरून पहिला प्रश्न आला:
"कोनाचा गा?"

आमच्याकडं पंटर म्हणजे
निवडणुकीत जीपच्या मागं लोंबकळणारा,
सट्टापट्टी फिरवणारा,
फार तर ठेकेदाराचे दोन मोबाईल धरून उभा पोरगा.
हिवराज हसला. "कोनाचाच नाही," म्हणाला.
"आन् बालही गोल नाही.
मोहाची टोरी असते ना, तसा. दोन्हीकून निमुळता."

तुमसरच्या कॉलेजातल्या निनावे सरांनी
कुठून तरी आणला होता तो.
बोडीच्या अलीकडं हिवराज, पलीकडं पाळीवर मी.
तो चेंडू पाडायचा नाही,
निजलेलं पोर खाटेवर ठेवावं
तसा हवेत ठेवायचा.
आणि मग पाय.
पाय आधी दिसायचा, आवाज पाण्यावरून मागाहून यायचा,
तणशीच्या ढिगाला काठी मारल्यासारखा.
मी मोजायचो, जितके अंक तितकी बोटं वर.
साडेचार दाखवायला करंगळी वाकवून धरायचो.
किती चेंडू बोडीत गेले, किती बेशरमीत,
ते मोजायचं काम माझ्याकडं नव्हतं.

हैदराबादेला जायच्या आदल्या रात्री
त्यानं बापाला खेळ समजावला.
चार डाव भेटते. तीन फसले
का मले बोलावते.
मी बाल दूर मारून देतो, त्याहिले.
"आपला बाल? त्याहिले?"
हो.
बाप पाणकर. आयुष्यभर तलावाचं तुडूम उघडलं, लावलं.
बिडी विझवून म्हणाला,
"बांधीत पानी ठरत नसंल तं दूर सोडाव लागते.
नाही तं धुरा फुटते.
समजलं. जाय."

तीन हंगाम. तेवीस सामने. एकशे चार पंट.
माझ्या मोबाईलवर सगळे होते.
त्याच्या पायाला चेंडू लागला
की कॅमेरा चेंडूमागं वर जायचा
आणि हिवराज पडद्याच्या खालून निघून जायचा,
एकशे तीन वेळा.

एकदा चेंडू मागं देणाऱ्यानं डोक्यावरून टाकला.
मारायला वेळ नव्हता, म्हणून तो धावला.
सात यार्ड.
तेवढ्यापुरता कॅमेरा त्याच्यावर होता,
आणि गुडघा गेला तेव्हाही.

आता तो राईस मिलमध्ये वजनकाटा बघतो.
ट्रॅक्टर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
हिवराज पावती फाडतो.
कोणी विचारलं तर सांगतो, हो, होतो पंटर.
कोणाचा, हे आता कोणी विचारत नाही.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी
धान निघालेल्या बांधीत मला घेऊन गेला.
पिशवीत तोच चेंडू, शिवणीत अजून बोडीचा गाळ.
उजव्या पायावर भार देताना जरा थांबला.
डाव्यानं मारला.

दोन.
मी दोन बोटं वर केली.
पुन्हा दोन. मग एक चेंडू बाजूच्या तुरीत.
मग एक असा गेला की मी मोजायचं विसरलो,
नुसता वर बघत राहिलो, चष्म्यावर ऊन.
अंदाजानं तीन दाखवले.

तिकडून तो हात हलवत होता,
टाचेनं माती उकरत, घाई असल्यासारखा:
मागं सर. आनखी मागं.
मी सरत गेलो,
गनीरामच्या धुऱ्याला पाठ लागेस्तोवर.