तीस मीटरचा चौकोन

सात थर एकावर एक ठेवले मी.
उताराचा. उन्हाच्या दिशेचा. मातीच्या खोलीचा.
तीस वर्षांच्या पावसाचा, जो इथं पडतो
हिवाळ्यातच, आणि बराचसा बर्फ होऊन.
कडाक्याच्या रात्रींचा थर सगळ्यांत वर,
कारण बदामाला मोहोराची घाई असते
आणि चैत्रातली एकच रात्र पुरते.

मग प्रत्येक थराला वजन.
कडाक्याला किती द्यायचं, यावर
खुर्रमाबादच्या कचेरीत आम्ही तीन दिवस भांडलो.
शेवटी सेपहवंदसाहेब म्हणाले, पाव हिस्सा द्या,
आणि चहा आला.

नकाशा उमटला. बहुतेक तांबडा.
कातळ, ओघळी, मेंढ्यांनी खरवडलेली कुरणं.
हिरवा चौकोन एकच, पार वरच्या कोपऱ्यात,
सगळं चाळून चाळणीत राहिलेला दाणा.

जीप ओढ्यापाशी सोडली.
पुढं खोदामोराद, कळपवाला.
त्याला मी यंत्रातला बाण दाखवला.
बाणाकडं न बघताच तो चालू लागला.

पोचल्यावर यंत्र एकदा टिवटिवलं: हेच.
उत्तरेकडं तोंड, बेताचा उतार,
गार हवा साचून राहायला खळगा नाही.
सळई टोचली. वीतभर. हातभर.
अजून जातेय, लोण्यात गेल्यासारखी,
तोच त्यानं ती वरून धरली.

मग दिसले दगड.
उभे, गवतात अर्धे बुडालेले.
एकावर घोडा कोरलेला, पाठीवर कुणी नाही.
एकावर कंगवा. कंगवा म्हणजे बाई, तो म्हणाला.

"वर सगळा कातळ आहे, मुली.
आणि थंडीत मेलेल्याला खड्डा लगेच लागतो."

म्हणजे कुणीतरी, कधीतरी,
खांद्यावर ओझं आणि हातात पहार घेऊन
हा सगळा डोंगर टोचत फिरलं होतं,
आणि माझ्या सात थरांच्या आधी
इथंच येऊन थांबलं होतं.

कंगव्याच्या दगडामागं एक रानबदाम.
कुणी लावला?
कुणी नाही. फळ कडू.
पोरं खातात तरी, पैज लावून.

संध्याकाळी जीपमध्ये फाईल उघडली.
रंग पाचच होते,
अत्युत्तम ते अयोग्य.
बोट बराच वेळ तसंच राहिलं.
तो चौकोन मी कोरा ठेवला.

उद्या साहेब विचारतील,
इथली माहिती मिळाली नाही का?
कोटाच्या खिशात चार कडू बदाम आहेत.
टेबलावर ठेवीन.