टिंबं

रविवारी चारला, वडगावात,
खाली लूम, वर माळ्यावर आमचा वर्ग.
खटाक् खट, खटाक् खट.
सात पोरं लिहितात, आठवा पेनाचं टोपण खातो.

नागेंद्रची गोष्ट पुण्यातली.
बाल्कनी, कॉफी, आणि आई म्हणते,
"काय करतोयस, राजा?"
त्याची आई खाली कांड्या भरते.
मी ओळखते तिला. ती कुणाला राजा म्हणत नाही.

"पुण्याला गेलायस कधी?"
"न्हाई मॅडम."
"मग ही बाल्कनी कुठली?"
"तुमच्या पुस्तकातली."

धोटा अडकला असावा,
खालचं सगळं एकदम गप्प.

वही उजेडाकडे धरली.
'करतोयस'च्या शेजारी, कागद फाटेपर्यंत गिरबटलेलं:
काय करूलाईस रे, च्या निवूलाय.

माझ्या पहिल्या कादंबरीत
सोळा वर्षांची पोरगी अनगोळहून पळते
आणि दुसऱ्याच पानावर स्वतःची बोली विसरते.
संपादक भला माणूस होता,
एवढंच म्हणाला, "मुलांना कळेल का हे?"
कुठल्या मुलांना, ते मी विचारलं नाही.

प्रुफं तपासताना एक खूण शिकले होते:
खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली
की शब्द राहतो.

लाल पेनानं देत गेले,
क खाली एक, रू खाली एक.
नागेंद्र वाकून बघतो,
"चुकलंय व्हय, मॅडम?"

खाली कुणीतरी तुटका धागा जोडला. खटाक्.
"च्या निवूलाय," मी म्हणते.
"पुढं लिही."