दोन्ही वॉल्व

एकतीस वर्षं मी वाडीच्या टाकीवर चावीवाला होतो.
पहाटे साडेचारला आजव्याची लाइन यायची.
लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलनं निघायचो,
आधी दांडिया बाजार,
मग वीस मिनिटं थांबून पुढची पोळ.
दिघे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
दोन वॉल्व एकदम उघडायचे नाहीत, शितोळे.
एक तर शेवटच्या घराला थेंब मिळत नाही,
नाही तर जुना जोड फुटतो.

माझा जोड गळ्याच्या जरा खाली आहे.
दोन वर्षांपूर्वी अन्ननलिका काढली,
जठर वर ओढून तिथं टाचलं.
तेव्हापासून मी बसून झोपतो,
जेवलेलं छातीत गुरगुरतं.
आता त्याच जोडापाशी परत गाठ.
पुन्हा कापण्यात अर्थ नाही, त्रिवेदीबाई म्हणाल्या,
दर सोमवारी सलाइनमधून औषध
आणि सोम ते शुक्र रोज शेक.
पाच आठवडे.

दोन्ही एकदम? मी विचारलं.
एकदमच. औषधानं गाठ हळवी होते,
मग किरण नीट लागतो.
बाईंना दिघे साहेब माहीत नव्हते.
लाइन टिकेल?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
तेच दर आठवड्याला रक्तात बघायचं, काका.
‘टिकेल’ म्हणाल्या असत्या तर मी उठलो असतो.
‘उद्या पाणी येईल’ असं मीही
खूप बायांना सांगितलंय.

मितुलनं छातीवर जांभळ्या रेघा मारल्या.
अंघोळीत पुसायच्या नाहीत म्हणाला.
रस्ता खोदण्याआधी आम्ही चुन्यानं मारायचो, तशाच.
जाड दार लागतं, यंत्र भोवती फिरतं,
दिसत काही नाही.
माइकमधून त्याचा आवाज: हालता नहीं, काका.

बाकावर पादऱ्याचे रतिलालभाई. जिभेचं दुखणं.
रोज लीलो चेवडो आणतात,
सगळ्या नातेवाइकांना वाटतात,
शेवटी रिकामी पुडी हुंगून घडी घालतात.

तिसऱ्या आठवड्यात जळायला लागलं.
पाणीसुद्धा टोचतं. तोंडात गंजलेलं लोखंड,
त्याची चव मला ओळखीची, एवढाच काय तो दिलासा.
इंदू आधी गुलाबी बधिर औषध देते,
मग थांबायचं,
मग गार दूध, चमचा चमचा.
चौथ्या सोमवारी पांढऱ्या पेशी उतरल्या.
सलाइन रद्द, नुसता शेक.
एक वॉल्व बंद.
मला बरं वाटलं.
रिक्षात बसेपर्यंत भीती वाटायला लागली.

काल पंचविसावा झाला.
फोटो दोन महिन्यांनी, आत्ता काढला
तर नुसती सूज दिसेल म्हणे.

पूर्वी गळती शोधायला रात्री दोनला जायचो.
चावीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला.
रिक्षा बंद, कुत्री बंद,
की जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं.
काल रात्री इंदूनं माझ्या पाठीला कान लावला.
मी एक घोट घेतला. जळत जळत उतरला.
गेला? मी विचारलं.
गेला वाटतं, ती म्हणाली, कान न काढता,
थांबा,
अजून एक घ्या.