अडीचशे शब्दांत

फॉर्मचा आठवा रकाना:
तुम्हाला संशोधन का करायचं आहे? अडीचशे शब्दांत लिहा.
कॅफेवाला म्हणतो, उरक बे लवकर, लाइट जाईल.

याआधी एकेचाळीस ईमेल गेलेत.
आदरणीय सर, आदरणीय मॅडम,
मी लावण्या यमुल, सोलापूर, एम.एस्सी. भाग एक,
उन्हाळ्याचे दोन महिने, मानधन नसलं तरी चालेल.
चालणार नव्हतं. पुण्यात नुसत्या खाटेचं भाडं
साडेतीन हजार. तरी लिहिलं.

उत्तरं नऊ.
सात नाही. एक आपोआप आलेलं, सर परदेशात आहेत.
एकानं विचारलं,
लो टेंपरेचरचा काही अनुभव?
त्यांचं काम चार केल्विनवर चालतं.
इथं चव्वेचाळीस सेल्सिअस, पत्र्याखाली मोजलेलं नाही,
आणि आमच्या डिपार्टमेंटात सगळ्यात थंड वस्तू
म्हणजे शिपाई चन्नप्पांचा माठ.

हविनाळे सरांनी शिफारसपत्र दिलं शाईच्या पेनानं.
सरांची बावीस वर्षं थिन फिल्ममध्ये गेली,
तापल्या काचेवर फवारा, नॅनोमीटरभर थर,
फवाऱ्याची नळी स्वतः वाकवलेली.
स्कॅन करताना पत्राची शेवटची ओळ कापली गेली.
तीत काय होतं ते मी विचारलं नाही.

आई दिवसाला हजार विड्या वळते.
मुनीम हातात घेऊन बघतो, पन्नास-साठ बाजूला टाकतो: छाट.
आईला इंग्रजीतलं रिग्रेट कळत नाही, पण स्क्रीनकडे बघून
तिनं बरोबर ओळखलं. छाट का?
म्हटलं, हो.
मग माल पोचला म्हणायचा, ती म्हणाली,
आणि सुपातलं पान उचललं.
छाट विड्यांचे पैसे मिळत नाहीत,
विड्या मात्र मुनीम ठेवून घेतो,
हे ती बोलली नाही.

तर आठवा रकाना.
लिहिलं: लहानपणापासून मला विश्वाच्या गूढाचं आकर्षण.
खोडलं. लहानपणी आम्ही विडी घरकुलात
पाणी कधी येणार याच्या गूढात होतो.
मी विचार तेलुगूत करते, शिकले मराठीत,
आणि इंग्रजीत माझं कुतूहल
उसन्या साडीसारखं दिसतं.

मग नानांचा डबा घेऊन गेले त्या दिवसाचं लिहिलं.
टॉवेलचे दोन माग, पाच नंबर आणि सहा नंबर,
एक मिनिटाला एकशे बावन्न ठोके, दुसरा एकशे एकोणपन्नास.
दोघांचे ठोके सरकत सरकत एकमेकांवर येतात,
क्षणभर एकच माग असल्यासारखा आवाज,
मग पुन्हा फाटतात.
दर वीस सेकंदांनी.
दुपारी सहा नंबरचा पट्टा सैल पडला की सतरा.
पुस्तकात याला विस्पंद म्हणतात.
नाना म्हणतात, भेटतात आणि भांडतात.
शब्द झाले एकशे ऐंशी. उरलेले सापडले नाहीत.
तसाच पाठवला.

अकराव्या दिवशी एका मॅडमचं उत्तर, तीन ओळींचं.
निवड झाली असं नाही. नाही झाली असंही नाही.
सतरा हा आकडा किती वाचनांवरून?
त्रुटी किती?
पट्टा सैल झाला की ठोके कमी व्हायला हवेत,
मग वेळ कमी का झाली, वाढायला नको का?

मी ते चार वेळा वाचलं.
वाचनं तीन होती. त्रुटी काढलीच नव्हती.
आणि सहा नंबर हा हळू चालणारा, हे लिहायचं राहिलं होतं.
हळू अजून हळू झाला, फरक वाढला,
म्हणून भेटी लवकर.
कानशिलं गरम झाली. शरमेनं, आणि दुसऱ्याही कशानं.

रात्रपाळीला नानांसोबत गेले, मोबाइल आणि वही घेऊन.
अक्कलकोट रोडचा शेड, सुताची धूळ, काही ऐकू येईना.
एमैंदी? नाना ओरडले.
सांगितलं: दोघांचे ठोके वेगवेगळे मोजायचेत.
नानांना डझनावर पैसे मिळतात.
त्यांनी घड्याळ पाहिलं, शेठच्या खोलीकडे पाहिलं,
आणि पाच नंबरचा माग बंद केला.
मोज, म्हणाले.