विरजण

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यातल्या एका दुपारी एसी बंद पडला होता
आणि मी आमच्याच कोडमध्ये
दुसऱ्याचं नाव शोधत होते.

आम्ही काट्याचं सॉफ्टवेअर विकतो.
कळमन्यात ट्रक काट्यावर चढतो, आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी होते, पावती निघते:
मिरची, हरभरा, तूर.
दोनशे बारा काटे. प्रत्येक पावतीवर आमचा लोगो.

इंजिन चालू असलं की आकडा थरथरतो.
त्या थरथरीतून खरं वजन कोणतं
हे ठरवणाऱ्या चारशे ओळी एका फाइलीत सापडल्या.
वरच्या एकोणीस ओळी कोणीतरी उडवलेल्या.
खाली मात्र एक टिप्पणी राहून गेली होती:
'मुलगी झोपली. उरलेलं उद्या.'

आमच्या टीममध्ये तेव्हा कोणालाच मुलगी नव्हती.

शोधत गेले. इल्मार नावाचा कोणी, टार्टूचा,
सन दोन हजार नऊ.
पैसे मागितले नव्हते त्याने.
घ्या, वापरा, विकासुद्धा,
फक्त ज्याला विकाल त्याला आतलंही द्या, उघडं,
त्यात तुमचं जे मिसळलंत तेही,
आणि त्याला पुढे द्यावंसं वाटलं तर अडवू नका.

हेडाऊ सर म्हणाले,
"फुकटचंच आहे ना ते? मग काऊन टेन्शन घेऊन राह्यली?"
फुकट नाही सर, मोकळं आहे.
"एकच झालं."

बाकीच्या सदतीस फाइली पाणपोईसारख्या होत्या.
प्या, बाटली भरून न्या, पुढच्या चौकात ती विका,
फक्त माठावर लिहिलेलं नाव पुसू नका.
तेवढंही आम्ही पुसलं होतं.

पण ही अडतिसावी.
सर, शेजारून चमचाभर विरजण आणलं,
पातेलंभर दुधात घातलं,
सकाळी दही लागलं, घट्ट, सुरीनं कापावं असं.
आता तुम्ही म्हणता, दूध आमचं, पातेलं आमचं,
त्यांचा चमचा तेवढा काढून परत देऊन टाका.
कुठून काढू?

"नवीन लिहून काढू," सर म्हणाले.
प्रणोती गिऱ्हेपुंजे खुर्चीतूनच म्हणाली,
"सहा महिने. आणि आकडा तरीही थरथरेल."
तिला माहीत होतं.
इल्मारचं ते 'उरलेलं' तिनेच पुरं केलं होतं,
दोन उन्हाळ्यांपूर्वी, तीन रात्री जागून,
अठ्ठावीस ओळी.
टार्टूत कोणाला पत्ता नाही.
त्याचे उघडे होते, तिचे आमच्या कुलपात.

सरांनी खिडकीचा पडदा ओढला, पुन्हा उघडला.
"कळमन्यातला अडत्या कोड मागायला येणार आहे का?"
नाही येणार.
पण आला तर मागता यायला हवा.
"त्याला त्यात कळणार काय?"
त्याच्या पोरीला कळेल कदाचित.
सर यावर काही बोलले नाहीत.
वजन करणारी मशीन आतून बंद असावी की नसावी
यावर त्यांचं स्वतःचं मत असेल,
त्यांचे वडील हमाल होते, असं मागे कधीतरी ऐकलं होतं.
मी विचारलं नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीची सीट पोळत होती.
वर प्रणोती एकटीच थांबली.
दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या एकोणीस ओळी परत जागेवर,
नाव, साल, अटी, सगळं.
जुनी टिप्पणी तिने हलवली नव्हती.
तिच्या खाली नवी:
'उरलेलं झालं. नागपूर, पंचेचाळीस डिग्री.'

बाहेर द्यायच्या परवानगीचा कागद
अजून सरांच्या टेबलावर आहे, सही न होता,
पन्नास ग्रॅमच्या पितळी वजनाखाली.
एसी दुरुस्त झाला.
कागदाची कड हलते.