दुसऱ्या व्हायोलिनची पानं

व्लास्टिमिलची खुर्ची मला मिळाली ऑक्टोबरात,
सोबत त्याची एकतीस वर्षांची पानं,
कोपऱ्यांत बोटांचं तेल मुरलेलं,
आणि एक कोरं खोडरबर.
ते झ्दिस्लावाने दिलं. म्हणाली,
"हवं ते पूस. त्याची हरकत नाही."
पहिलं व्हायोलिन तिचं. ती फारशी हसत नाही.

ओलोमोउत्समध्ये, जुन्या माल्टच्या कोठारावर
आमची तालमीची खोली.
हीटर तापला की लाकडातून
कधीकाळच्या जवाचा वास उठतो.
चार खुर्च्या, त्यातली एक लंगडी.
लंगडी माझी.

स्वरांच्या मध्ये, समासात, सगळीकडे पेन्सिल:
"इथे श्वास." "इथे नको." "चष्मा!"
"रादोवान घाई करेल. करू दे."
संथ भागात, जिथे व्हायोला एकटी उरते,
मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात:
"क्व्येता डोळे मिटते. बघू नये."
आणि शेवटच्या पानामागे
यीस्ट, दोन काळी बटणं, आईला फोन.

दुसरं व्हायोलिन म्हणजे कोटाचं अस्तर,
असं आमचे मास्तर म्हणायचे;
फाटेपर्यंत कुणी त्याचा रंग विचारत नाही.
मी काहीच पुसलं नाही.
भाड्याच्या घरात
आधीच्या भाडेकरूचे खिळे जिथे असतील
तिथेच आपण आपली चित्रं टांगतो, तसं
त्याच्या जागांवर माझा श्वास टांगत राहिले.

जानेवारीत ती ओळ आली.
मी तयार बसले, आता चेलो धावणार.
चेलो धावला नाही.
तीनदा वाजवलं. तीनदा मी पुढे निघून गेले,
रिकाम्या फलाटावर उतरल्यासारखी.
रादोवानने गज मांडीवर ठेवला.
"कुणाला पकडायला पळतेस?"
मी पान दाखवलं.
त्याने चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं.
मग आपलं पान माझ्याकडे फिरवलं.
तीच जागा. जाड, रागीट पेन्सिल:
"व्लास्टिमिल रेंगाळेल. ओढून ने."

झ्दिस्लावा हसली. अशी हसली
की तिला व्हायोलिन खाली ठेवावं लागलं.
तिच्या पानावर तिथे नुसती फुली होती,
धोक्याच्या वळणावर असते तशी.
क्व्येताच्या पानावर काहीच नाही.
"मी कशाला लिहू," ती म्हणाली,
"तुम्हा दोघांच्या मधोमध बसून
एकतीस वर्षं ऐकत होते की."

त्या रात्री मी ती एकच ओळ पुसली.
शिसं गेलं, खाच राहिली.

एप्रिलात क्रोमेर्झीशला वाजवलं,
एका शाळेच्या सभागृहात, साठेक माणसं.
तिसऱ्या रांगेत व्लास्टिमिल.
थरथरणारा उजवा हात
डाव्या हाताखाली दाबून धरलेला,
खोडकर मांजर धरावं तसा.
ती जागा जवळ आली.
दिव्याचा उजेड पानावर तिरका पडला होता,
खाचेत अक्षरं सावलीसारखी उभी राहिली.
रादोवानने एकदाच समोर पाहिलं, प्रेक्षकांकडे,
आणि धावला.
तालमीत चार महिने नीट चाललेला माणूस
सरळ धावत सुटला.

मी?
मी रेंगाळले.

नंतर विंगेत तो आला, कोट न काढता.
वाजवण्याबद्दल बोलला नाही.
रादोवानकडे मान उडवून म्हणाला,
"सुधारणार नाही हा."
मग मला, हळूच,
"ती खुर्ची अजून तीच आहे का?
डाव्या पायाखाली पुठ्ठा घाल. दुहेरी घडी करून.
हे लिहायचं राहून गेलं."